बुरान: एका यशस्वी उड्डाणानंतर बंद पडलेला कार्यक्रम

१५ नोव्हेंबर १९८८ रोजी मॉस्कोच्या घड्याळात सकाळचे सहा वाजले असताना सोव्हिएत संघाच्या बायकोनूर येथील प्रक्षेपण तळावरून ‘एनर्गिया’ रॉकेटने ‘बुरान’ हे पंखधारी अंतराळयान घेऊन उड्डाण केले. पृथ्वीभोवती दोन प्रदक्षिणा घालून बुरान ३ तास २५ मिनिटांत परतले आणि यानात एकही माणूस नसताना, ज्या तळावरून निघाले त्याच तळावरच्या धावपट्टीवर उतरले. पहिल्याच उड्डाणात इतके काही निर्वेध पार पडावे, असे अवकाशाच्या क्षेत्रात क्वचितच घडते. तरीही बुरान पुन्हा कधीच उडाले नाही, एनर्गियाही उडाले नाही आणि १९९३ मध्ये कार्यक्रम अधिकृतपणे बंद झाला.

याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, सोव्हिएत संघ कोसळला आणि पैसा संपला. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. त्याच काळात, त्याच आर्थिक हलाखीत सोयुझ याने उडत राहिली, प्रोटॉन रॉकेटे उडत राहिली आणि मीर स्थानकही चालू राहिले. म्हणजे पैसा कमी पडला तेव्हा कशाला हात लावायचा आणि काय राखायचे याची निवड झाली आणि त्या निवडीत बुरानची बाजू घेणारे फारसे कोणी उरले नव्हते. असे का झाले, याचे उत्तर १९९१ मध्ये शोधण्यापेक्षा १९७६ च्या निर्णयात शोधणे मला अधिक योग्य वाटते.

निर्णय कसा झाला

अमेरिकेने स्पेस शटल या पुन्हा पुन्हा वापरायच्या पंखधारी यानाचा कार्यक्रम जानेवारी १९७२ मध्ये हाती घेतला. त्या वेळी सोव्हिएत अवकाश कार्यक्रम एका मोठ्या अपयशाच्या सावटाखाली होता. चंद्रावर माणूस पाठवण्यासाठी बांधलेले एन-१ हे रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवले गेले आणि चारही वेळा नष्ट झाले. मे १९७४ मध्ये या प्रकल्पाचे प्रमुख वासिली मिशिन यांना दूर करण्यात आले आणि नव्याने घडवलेल्या ‘एनर्गिया’ संस्थेची सूत्रे इंजिनांचे ज्येष्ठ रचनाकार व्हालेंतिन ग्लुश्को यांच्याकडे आली. ग्लुश्को यांना हवी होती प्रचंड क्षमतेची रॉकेटे आणि चंद्रावरचा तळ. पंख असलेले पुनर्वापरयोग्य यान ही त्यांची मूळ मागणी नव्हती. ती मागणी संरक्षण खात्याकडून आली आणि तिच्यामागे एक हिशेब होता.

तो हिशेब मस्तिस्लाव केल्डिश यांच्या नेतृत्वाखालील उपयोजित गणित संस्थेत मांडला गेला. नासाने जाहीर केलेल्या आकड्यांनुसार शटल वर्षाला साठपर्यंत उड्डाणे करणार होते, प्रत्येक फेरीत सुमारे ३० टन माल कक्षेत नेणार होते आणि सुमारे १५ टन माल परत आणू शकणार होते. सोव्हिएत विश्लेषकांनी अमेरिकेचे ज्ञात असलेले सगळे उपग्रह आणि सगळे प्रकल्प मोजून पाहिले, तेव्हा एवढ्या मालाची गरज त्यांना कुठेच दिसेना. कक्षेतून १५ टन माल खाली आणण्याजोगे तर काहीच नव्हते. खर्चाचा ताळेबंदही जुळत नव्हता, कारण साध्या, एकदाच वापरायच्या रॉकेटांनी तेच काम स्वस्तात झाले असते. त्यात कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग या हवाई दलाच्या तळावर शटलसाठी दुसरे प्रक्षेपणस्थळ उभारले जाणार होते. तिथून ध्रुवीय कक्षेत निघालेले यान एकाच प्रदक्षिणेत परत येऊ शकत होते, म्हणजे वातावरणात खोल शिरून मॉस्कोवर अचानक काही टाकून जाणे निदान कागदावर तरी शक्य होते.

या सगळ्यातून निष्कर्ष निघाला तो असा की, ज्या अर्थी अमेरिकेचा हिशेब जुळत नाही त्या अर्थी अमेरिका काहीतरी लपवत आहे. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने आणि मंत्रिमंडळाने संयुक्त ठराव करून पुनर्वापरयोग्य अवकाश प्रणालीला मंजुरी दिली.

या टप्प्यावर थोडे थांबायला हवे, कारण संपूर्ण प्रकरणाची गाठ इथे आहे. केल्डिश यांच्या संस्थेतील गणितज्ञांचा अभ्यास अचूक होता. शटल परवडणार नाही हे त्यांनी शटल उडण्याच्या पाच वर्षे आधी ओळखले होते आणि पुढे घडलेही तसेच. साठ उड्डाणे तर दूरच, शटलच्या सर्वाधिक व्यग्र अशा १९८५ या वर्षात नऊ उड्डाणे झाली. पण प्रतिपक्ष आपल्या योजनेबाबत प्रामाणिकपणे चुकलेला असू शकतो, अमेरिकी काँग्रेसकडून म्हणजे संसदेकडून पैसा मिळवण्यासाठी त्याने फुगवलेले आकडे मांडलेले असू शकतात, ही शक्यता गृहीत धरायला कोणी तयार नव्हते. एकाच अभ्यासातून ‘हे यान निरुपयोगी आहे’ आणि ‘म्हणून ते आपल्यालाही हवे’ अशी दोन विधाने निघाली आणि दुसऱ्याने पहिल्याला गिळून टाकले. बुरानने नेमके कोणते काम करायचे, याचे उत्तर ठरावाच्या वेळी एवढेच होते की, शटल जे काही करील ते याला करता आले पाहिजे.

साम्य आणि फरक

बुरान ही शटलची नक्कल आहे, हा आरोप पहिले छायाचित्र बाहेर आले तेव्हापासून होत आला आहे. आकाराबद्दल तो बव्हंशी खरा आहे. यान बांधण्याची जबाबदारी असलेल्या ‘मोल्निया’ संस्थेचे प्रमुख ग्लेब लोझिनो-लोझिन्स्की यांनी साठच्या दशकात ‘स्पिराल’ या छोट्या अवकाशविमानाच्या प्रकल्पावर काम केले होते आणि सपाट तळाचा, बोथट नाकाचा तो आराखडा त्यांना अधिक सरस वाटत असे. परंतु ग्राहकाला म्हणजे संरक्षण खात्याला शटलच्या तोडीची क्षमता हवी होती, शटलची बरीच तांत्रिक माहिती उघड प्रसिद्ध झालेली होती आणि वाऱ्याच्या बोगद्यांत तपासून झालेला आकार सोडून नवा धोका पत्करण्यास वरिष्ठ राजी नव्हते.

आत मात्र यंत्र वेगळे होते. शटलची मुख्य इंजिने यानाच्या शेपटीत बसवलेली असल्यामुळे प्रत्येक फेरीत ती वर जात आणि परत येत. बुरानच्या शेपटीत मुख्य इंजिने नव्हतीच. कक्षेत नेण्याचे सगळे काम एनर्गिया करत असे आणि यानात फक्त कक्षा बदलण्यासाठी व परतीसाठी लागणारी छोटी इंजिने होती. त्यामुळे बुरान ३० टन माल वर नेऊन २० टन खाली आणू शकेल अशी रचना करता आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एनर्गिया हे स्वतंत्र रॉकेट राहिले आणि बुरानच्या जागी दुसरे काहीही जोडून ते सुमारे १०० टनांचा बोजा पृथ्वीलगतच्या कक्षेत पाठवू शकत होते. शटलच्या घन इंधनाच्या बूस्टरांऐवजी एनर्गियाला चार द्रव इंधनाचे बूस्टर होते. प्रत्येकात केरोसीन व द्रव ऑक्सिजनवर चालणारे आरडी-१७० हे इंजिन होते आणि मधल्या मुख्य भागात हायड्रोजनवर चालणारी चार आरडी-०१२० इंजिने होती. हा फरक ग्लुश्को यांचा आग्रह होता आणि पुढे जे काही टिकले ते याच आग्रहामुळे टिकले, असे माझे मत आहे.

बांधणीचा पसारा अवाढव्य होता. हजाराहून अधिक कारखाने आणि संस्था त्यात गुंतल्या होत्या. यानाचा सांगाडा मॉस्कोतल्या तुशिनो कारखान्यात तयार होई, रॉकेटचा मुख्य भाग कुइबिशेव्ह म्हणजे आजच्या समारा शहरात, हायड्रोजनची इंजिने वोरोनेझमध्ये आणि रॉकेटची नियंत्रणप्रणाली युक्रेनमधल्या खारकिव्हमध्ये. यानाच्या पृष्ठभागावर सुमारे ३८,००० उष्णतारोधक टाइल्स बसवायच्या होत्या. प्रत्येक टाइलचा आकार वेगळा होता आणि तिची जागा ठरलेली होती. गारठवणाऱ्या अवकाशातून परतताना नाकाशी आणि पंखांच्या पुढच्या कडांशी दीड हजार अंशांच्या पुढे तापमान जाणार असल्यामुळे तिथे टाइल्सऐवजी कार्बनचे खास कवच होते. या टाइल्स तापवून पाहण्यासाठी स्पिरालच्या आकाराची ‘बोर-४’ ही लहान मानवरहित याने कक्षेत पाठवली गेली. १९८२ आणि १९८३ मध्ये ती हिंदी महासागरात उतरली, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या टेहळणी विमानांनी ती उचलण्याच्या कामाची जवळून छायाचित्रे घेतली. या छायाचित्रांचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

वैमानिक

बुरानसाठी चाचणी वैमानिकांचे एक पथक निवडण्यात आले आणि इगोर वोल्क हे त्याचे प्रमुख होते. १९७७ नंतरच्या नियमानुसार प्रत्येक सोव्हिएत मानवी मोहिमेत निदान एक जण आधी अवकाशात जाऊन आलेला असणे आवश्यक होते, म्हणून वोल्क यांना जुलै १९८४ मध्ये सोयुझ टी-१२ मधून सॅल्यूत-७ स्थानकावर पाठवण्यात आले. याच स्थानकावर तीन महिने आधी, एप्रिल १९८४ मध्ये, राकेश शर्मा राहून आले होते. वोल्क जमिनीवर उतरताच त्यांना विश्रांती न देता आधी प्रवासी विमान आणि मग मिग-२५ हे लढाऊ विमान चालवायला लावले गेले. भारहीनतेतून परतलेला माणूस तितक्याच सफाईने विमान उतरवू शकतो का, हे त्यातून पाहायचे होते आणि वोल्क यांनी ते करून दाखवले. शिवाय चार जेट इंजिने लावलेल्या एका प्रतिरूप यानाने झुकोव्स्कीच्या विमानतळावरून १९८५ ते १९८८ या काळात दोन डझनांच्या आसपास उड्डाणे केली आणि त्यांपैकी अनेक वेळा ते पूर्णपणे स्वयंचलितरीत्या उतरले.

या पथकाला बुरानमधून अवकाशात जाणे कधीच लाभले नाही. वोल्क यांच्यानंतर सोयुझमधून जाऊन आलेले अनातोली लेवचेंको ऑगस्ट १९८८ मध्ये मेंदूतील गाठीमुळे वारले. रिमांतास स्तांकेविचुस सप्टेंबर १९९० मध्ये इटलीतील हवाई प्रात्यक्षिकात सुखोई-२७ कोसळून मरण पावले.

१५ नोव्हेंबरची सकाळ

एनर्गियाचे पहिले उड्डाण १५ मे १९८७ रोजी झाले. तेव्हा त्यावर बुरान नव्हते, तर ‘पोल्युस’ नावाचा एक प्रचंड लष्करी प्रायोगिक उपग्रह होता. रॉकेटने आपले काम चोख केले, मात्र पोल्युस चुकीच्या दिशेला वळून प्रशांत महासागरात पडला. त्यानंतर २९ ऑक्टोबर १९८८ रोजी बुरानचे उड्डाण ठरले, पण दिशादर्शक यंत्रणा जुळवण्यासाठी रॉकेटला टेकवलेला फलाट वेळेत मागे सरकला नाही आणि उलटी गणती ५१ सेकंदांवर थांबली.

पंधरा नोव्हेंबरला हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला होता. तरीही उड्डाणाचा निर्णय झाला. प्रक्षेपण आणि कक्षेतील प्रवास ठरल्याप्रमाणे झाला. खरी कसोटी परतीच्या शेवटच्या काही मिनिटांची होती. बुरान धावपट्टीजवळ आले तेव्हा वारा अपेक्षेपेक्षा जोरदार होता. इंजिनाच्या बळाशिवाय तरंगत येणाऱ्या यानाजवळ उंची आणि वेग एवढेच भांडवल असते. ते कमी पडले तर धावपट्टी गाठता येत नाही आणि जास्त झाले तर यान धावपट्टीपलीकडे जाते. यानाच्या संगणकाने हिशेब केला की आपली ऊर्जा जास्त आहे, ती आधी खर्च केली पाहिजे. त्यामुळे नियंत्रण कक्षातील सर्वांनी ज्या बाजूने वळण अपेक्षिले होते त्या बाजूने न वळता बुरान धावपट्टीच्या रेषेला आडवे छेदून पलीकडे निघून गेले. मिग-२५ मधून त्याच्याजवळ जाऊन चित्रण करणारे वैमानिक मागोमेद तोल्बोयेव्ह यांनाही हे वळण अनपेक्षित होते. खाली बसलेल्यांना काही क्षण वाटले की यान हातातून गेले. प्रत्यक्षात तो पर्याय संगणकाच्या आज्ञावलीत होता, फक्त त्याची वेळ येण्याची शक्यता सगळ्यांनी फारच कमी धरली होती. मोठा वळसा घेऊन बुरान परत फिरले आणि ९ वाजून २४ मिनिटांनी, सेकंदाला १७ मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यात, धावपट्टीच्या मध्यरेषेपासून अवघ्या तीन मीटरांच्या अंतरावर टेकले. १,६२० मीटर धावून ते थांबले. ३८,००० पैकी आठ टाइल्स गळून पडल्या होत्या.

हे यश ग्लुश्को यांना फार काळ पाहता आले नाही. १० जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

काम कोणते?

एव्हाना ज्या भीतीपोटी बुरान बांधले गेले ती भीतीच विरून गेली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर या शटलचा अपघात झाला आणि अमेरिकेच्या लष्कराने आपले उपग्रह पुन्हा साध्या रॉकेटांवर चढवायला सुरुवात केली. व्हँडेनबर्गचे शटलस्थळ गुंडाळून ठेवण्यात आले आणि तिथून एकही शटल कधी उडाले नाही. म्हणजे बुरान धावपट्टीवर उतरले तेव्हा मॉस्कोवर झेप घेऊ शकणारे ते काल्पनिक यान अस्तित्वात येणार नाही, हे उघड झालेले होते.

मग बुरानने करायचे काय? ‘मीर-२’ या पुढच्या स्थानकाची बांधणी, कक्षेतील दुरुस्त्या, उपग्रह परत आणणे असे उपयोग कागदावर मांडले गेले. दुसऱ्या उड्डाणात बुरानच्या मालिकेतले दुसरे यान स्वयंचलितपणे मीरला जोडायचे ठरले. त्यासाठीचे सांधणीयंत्र लावलेला ‘क्रिस्ताल’ हा भाग मे १९९० मध्ये मीरकडे रवाना झाला. पण मीरवर माणसे पोहोचवायला सोयुझ आणि सामान पोहोचवायला प्रोग्रेस पुरेसे होते आणि दोन्ही कितीतरी स्वस्त होते. ग्लासनोस्तच्या म्हणजे खुलेपणाच्या धोरणाच्या वातावरणात खर्चावर उघड प्रश्न विचारले जाऊ लागले. अंतराळ संशोधन संस्थेचे संचालकपद भूषवलेल्या रोआल्ड सागदेव्ह यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने या कार्यक्रमाच्या वैज्ञानिक उपयुक्ततेवर जाहीर टीका केली. जून १९८९ मध्ये आन-२२५ ‘म्रिया’ या महाकाय विमानाच्या पाठीवरून बुरान पॅरिसच्या हवाई प्रदर्शनात गेले आणि जगाने त्याचे कौतुक केले. मात्र कौतुकातून कुठलीही मागणी आली नाही.

१९९१ च्या अखेरीस संघच उरला नाही. प्रक्षेपणस्थळ कझाकस्तानात गेले, नियंत्रणप्रणाली बनवणारे खारकिव्ह आणि म्रिया बनवणारे कीव्ह युक्रेनमध्ये गेले आणि उरलेला कार्यक्रम अशा देशाच्या वाट्याला आला ज्याला पगार देणेही जड जात होते. ३० जून १९९३ रोजी बोरिस येल्त्सिन यांच्या काळात तो संपल्याचे जाहीर झाले.

यानांचे पुढे काय झाले

अवकाशात जाऊन आलेले एकमेव बुरान बायकोनूरच्या ज्या इमारतीत ठेवले होते, ती मूळ एन-१ रॉकेटांच्या जुळणीसाठी बांधलेली होती. १२ मे २००२ रोजी दुरुस्तीचे काम चालू असताना तिचे छप्पर कोसळले. त्यात आठ कामगार मृत्युमुखी पडले आणि यान चिरडले गेले. लोझिनो-लोझिन्स्की त्याच्या सहा महिने आधी वारले होते.

जेट इंजिनांचे प्रतिरूप यान २००० च्या ऑलिम्पिकच्या वेळी सिडनीत पैसे घेऊन दाखवले गेले, मग बहारीनमध्ये अनेक वर्षे अडकून पडले आणि २००८ मध्ये राइन नदीतून जर्मनीतील श्पायरच्या तंत्रज्ञान संग्रहालयात पोहोचले. आज सर्वांत चांगल्या अवस्थेत असलेल्यांपैकी हे एक आहे. दुसरे एक चाचणी प्रतिरूप मॉस्कोच्या गॉर्की उद्यानात करमणुकीसाठी उभे होते. ते २०१४ मध्ये शहरातल्या प्रदर्शन मैदानावर हलवले गेले.

जवळजवळ तयार झालेले दुसरे यान आणि एक पूर्णाकृती नमुना अजूनही बायकोनूरच्या एका बंद इमारतीत आहेत. पहारा चुकवून, वाळवंटातून कित्येक किलोमीटर चालत जाऊन तिथली छायाचित्रे घेणाऱ्यांमुळे ही जागा जगभर माहीत झाली. २०२१ मध्ये कोणीतरी यानावर रंगाने चित्रे आणि अक्षरे काढली. मालकीवरून रशियन संस्था आणि एक कझाक उद्योजक यांच्यात न्यायालयीन वाद झाले. उद्योजकाने तर यानाच्या बदल्यात केनेसरी खान या कझाक नेत्याची रशियात असल्याची मानली जाणारी कवटी मागितली. यान रशियाचे की कझाकस्तानचे, या वादाइतकीच तातडी ते पाऊस-धुळीपासून वाचवण्याची आहे. पहिल्या यानाच्या बाबतीत जे घडले ते पाहता दोन्ही देशांनी निदान छपराची जबाबदारी तरी ताबडतोब ठरवायला हवी होती आणि ती अजून ठरलेली नाही ही खेदाची बाब आहे.

जे टिकले

बुरानपासून सुटे करता येण्याजोग्या ज्या गोष्टी होत्या, त्यांना मात्र गिऱ्हाईक मिळाले. क्रिस्तालवरील सांधणीयंत्राला बुरान कधीच जोडले गेले नाही, पण २९ जून १९९५ रोजी अमेरिकेचे अटलांटिस शटल तिथे जोडले गेले. त्याच यंत्राची सुधारित आवृत्ती पुढे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर शटलच्या सांधणीसाठी वापरली गेली. बोर-४ ची ती छायाचित्रे अभ्यासून नासाने एचएल-२० हा आराखडा केला आणि त्यातूनच ‘ड्रीम चेसर’ हे खासगी यान आकाराला आले.

सर्वांत मोठा वारसा आरडी-१७० इंजिनाचा. त्याची निम्मी आवृत्ती म्हणजे आरडी-१८०. हे इंजिन अमेरिकेने विकत घेतले आणि अ‍ॅटलस-५ रॉकेटमध्ये बसवले. एप्रिल २०१० मध्ये त्याच रॉकेटवरून एक्स-३७बी हे अमेरिकी हवाई दलाचे मानवरहित पंखधारी यान कक्षेत गेले आणि डिसेंबरमध्ये आपोआप व्हँडेनबर्गच्या धावपट्टीवर उतरले. निम्म्याच्याही निम्मी आवृत्ती आरडी-१९१ ही रशियाच्या अंगारा रॉकेटमध्ये आहे.

आरडी-०१२० ची गोष्ट नेमकी उलटी आहे. हायड्रोजनवर चालणारे, निर्वातात सुमारे २०० टनांचा रेटा देणारे हे इंजिन एनर्गियाच्या दोन्ही उड्डाणांत निर्दोष चालले, पण एनर्गियाखेरीज त्याला बसवायला रॉकेट नव्हते आणि नवे रॉकेट मागणारा ग्राहकही नव्हता. रशियन बनावटीचे हायड्रोजन इंजिन त्यानंतर उडाले ते १८ एप्रिल २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून, भारताच्या पहिल्या जीएसएलव्हीच्या वरच्या टप्प्यात. तेही बुरानच्या घराण्यातले नव्हते. साडेसात टनांच्या आसपास रेटा देणारे ते छोटे इंजिन मुळात एन-१ साठी आखलेले होते आणि त्याला भारताची मागणी आली म्हणून ते तयार होऊन उडाले.